भिंतीपलीकडचा संच

बंकटस्वामी महाराजांच्या नांवामुळें वारकरी मंडळींस परिचित असलेलें नेकनूर हें बीड जिल्ह्यांतील गांव. अशा गांवांतील जुन्या वळणाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या रुंद असतात. समजा, अशा एका घरीं दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स बैठकींत आहे, आणि त्यापासूनच एक तार आंत नेऊन अंथरुणास खिळलेल्या आजोबांच्या खोलींत दुसरा संच लावला आहे. चित्र तेथें दिसतें, कीर्तनहि ऐकूं येतें. परंतु कार्यक्रम बदलावयाचा झाला कीं हाक मारावी लागते. सूनबाई कणकेचे हात तसेच घेऊन उठतात. असें चार वेळां झालें म्हणजे आजोबा हाक मारणेंच सोडून देतात, आणि समोर जें लागेल तें मुकाट्यानें पाहत पडतात. अडचण लहान खरी. परंतु प्रत्येक गोष्टीस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागणाऱ्या माणसास ती लहान वाटत नाहीं.

या अडचणीचें मूळ रिमोटच्या किरणांत आहे. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवून अवरक्त किरणांचा शोध लाविला. डोळ्यांस दिसत नसले तरी ते प्रकाशाच्याच जातीचे. म्हणून भिंत आली कीं ते अडतात. हा केवळ दोषच आहे असेंहि नाहीं. आपल्या रिमोटनें शेजाऱ्यांचा संच बदलत नाहीं, तो याच गुणामुळें.

उपाय सोपा आहे. आजोबांच्या संचाजवळ अवरक्त किरण ओळखणारा एक लहानसा डोळा बसवावयाचा. रिमोटचा संकेत, बहुधा सेकंदास सुमारें ३८,००० स्पंदनांवर स्वार होऊन, त्या डोळ्यांत शिरतो. तेथें त्याचें रूपांतर विद्युत्संकेतांत होऊन तो तारेवाटे बैठकींत येतो. आणि बॉक्ससमोर चिकटविलेला बारीक दिवा तोच संकेत पुन्हां अवरक्त प्रकाशांत उच्चारतो. बॉक्सला वाटतें, रिमोट समोरच आहे! जोडीस दुसरा रिमोट तेवढा हवा.

तार ओढणें नको असेल तर हेंच काम रेडिओलहरींकडून करवून घेणारीं साधनेंहि मिळतात. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास विद्युल्लहरी भिंतींपार पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. त्याच तत्त्वाचा हा घरगुती उपयोग. मात्र फार जाड भिंतींतून या लहरीहि क्षीण होतात, हें ध्यानांत असावें.

दोन सूचना उपयोगी पडतील. डोळ्यावर थेट ऊन पडूं देऊं नये; संकेत त्यांत हरवतो. आणि रिमोट बंद पडल्याची शंका आली तर मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. पुष्कळ कॅमेऱ्यांत त्याच्या टोकाची अदृश्य ज्योत फिकट जांभळी दिसते. एका कॅमेऱ्यांत न दिसल्यास मोबाईलच्या पुढील कॅमेऱ्यांत पाहावें.

आतां शेवटची गोष्ट. बॉक्स एकच असल्यामुळें आजोबांनीं कार्यक्रम बदलला कीं बैठकींतलाहि बदलणार; मुलांचा क्रिकेटचा सामना ऐन रंगांत आला असतां एकाएकीं कीर्तन सुरू होणार! यावर कोणतीहि तार चालत नाहीं. संध्याकाळची कोणती वेळ कोणाची, हें सर्वांनीं एकत्र बसून आधींच ठरवावें. आणि त्या बैठकीस आजोबांच्या खोलींतच जमावें.