मचूळ पाणी आणि टिपणवहींतला आंकडा

वैशाख अर्धा सरला, कीं अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा ह्या पट्ट्यांतील नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून एक प्रश्न हटकून निघतो: विहिरीचें पाणी यंदां मचूळ लागतें काय? घरांतलें कोणी वडील माणूस ओंजळभर पाणी तोंडांत घेतें, क्षणभर थांबतें आणि निकाल देतें. हा निकाल बहुधा खोटा नसतो. मिठाच्या बाबतींत मनुष्याची जीभ हें बरेंच नाजूक उपकरण आहे. पण तिच्यांत दोन उणीवा आहेत. ती टिपण ठेवीत नाहीं, आणि एका जिभेचा निकाल दुसरीला पटतोच असें नाहीं. यंदांचें पाणी गेल्या सालापेक्षां अधिक मचूळ कीं कमी, ह्या वादाचा निकाल कोणत्याही जिभेला लावतां येत नाहीं. तेथें आंकडा लागतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांपैकीं 19 ग्रॅमच्या आसपास एकटें क्लोराइड असतें. पिण्याच्या पाण्याबद्दलच्या 2012 सालच्या भारतीय मानकाप्रमाणें क्लोराइड लिटरमागें 250 मिलिग्रॅमपर्यंत असावें; दुसरें पाणी मिळण्याजोगें नसेल, तर 1000 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. आतां हिशेब करून पाहावा. एखाद्या विहिरीच्या गोड्या पाण्यांत मूळचें क्लोराइड लिटरमागें 50 मिलिग्रॅम आहे असें धरलें, तर शंभर लिटरांत समुद्राचें एकच लिटर शिरल्यानें तें 240 च्या घरांत जातें. पांच लिटर शिरलें, कीं 1000 ची शेवटची मर्यादा गांठली जाते. म्हणजे गोडें पाणी आणि टाकाऊ पाणी ह्यांमध्यें शेंकडा पांचांचें अंतर आहे. किनाऱ्यावरची विहीर इतक्या अरुंद बांधावरून चालत असते.

समुद्र विहिरींत शिरतो कसा, हें समजण्यासारखें आहे. गोडें पाणी खाऱ्यापेक्षां किंचित् हलकें. म्हणून वाळूच्या जमिनींत तें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. पाण्यांत तरंगणाऱ्या बर्फाच्या खड्याचा थोडा भाग वर आणि पुष्कळसा खालीं असतो, तशीच ही गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन गायबेन ह्या डच इंजिनियरानें आणि 1901 सालीं हर्झबर्ग ह्या जर्मन गृहस्थानें स्वतंत्रपणें एकच प्रमाण सांगितलें. भूजलाची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रपातळीखालीं सुमारें चाळीस फूट असतो. हा हिशेब उलटा वाचला म्हणजे अंगावर कांटा येतो. उपशानें ती पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालचें खारें पाणी चाळीस फूट वर येऊं पाहतें. तें एका दिवसांत येत नाहीं, आणि वाटेंत दोन्हीं पाणी मिसळतातही. पण दिशा तीच. रहाटाला जुंपलेला बैल थकत असे, आणि त्या वेळांत विहीरही विसावा घेई. विजेचा पंप थकत नाहीं.

मिठाची निदान चव तरी असते. खतांतून वा शौचकूपांतून झिरपणाऱ्या नायट्रेटला चव नाहीं. पारा, शिसें, कॅडमियम ह्यांचें जें प्रमाण अपायकारक ठरतें, तें जिभेला मुळींच कळत नाहीं. पाऱ्याची मर्यादा लिटरमागें मिलिग्रॅमचा एक हजारांश इतकी सूक्ष्म आहे. अशा ठिकाणीं प्रयोगशाळेच्या कागदावरच सारा भरंवसा. आणि तो कागद कसा वाचावा, हें माहीत नसेल, तर तो फसवूंही शकतो.

एक उदाहरण ‘आढळलें नाहीं’ ह्या दोन शब्दांचें घेतां येईल. कागदावर पाऱ्यापुढें हे शब्द दिसले, कीं घरचीं माणसें सुटकेचा श्वास टाकतात. परंतु ज्या उपकरणाला मिलिग्रॅमच्या एका शतांशाहून कमी पारा दिसतच नाहीं, त्यानें ‘आढळलें नाहीं’ म्हटलें, तरी पाणी मर्यादेच्या नऊ पट दूषित असूं शकतें. उपकरणाला किती सूक्ष्म दिसतें, हा आंकडा शेजारीं नसेल तर ते दोन शब्द निरर्थक आहेत. नायट्रेटचीही अशीच गंमत. मर्यादा 45 मिलिग्रॅमची. पण कांहीं प्रयोगशाळा सबंध नायट्रेट मोजून लिहितात, तर कांहीं त्यांतला नायट्रोजन तेवढा लिहितात. नायट्रोजनाच्या रूपांत तीच मर्यादा सुमारें 10 होते. कागदावर नुसतें ‘20’ लिहिलें असेल, तर तें पाणी चांगलें कीं वाईट? पहिल्या रीतीनें निर्धास्त प्यावें, दुसऱ्या रीतीनें लहान मुलाच्या तोंडाला लावूं नये.

वेळेचा प्रश्न तर ह्या जिल्ह्यांत फारच नाजूक आहे. कुंडलिका नदीचेंच पाहावें. भिरा येथील 1927 सालापासूनच्या वीजघरांतून पाणी सुटलें, कीं कोलाडजवळ नदी फुगते. तें थांबलें, कीं ती उतरते. नौकांतून प्रवाहाची मौज लुटणारे लोक ह्याच वेळापत्रकावर विसंबून असतात. कोलाडच्या खालीं रोह्यानजीक धाटाव येथें रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तेथलें सांडपाणी तेवढेंच असलें, तरी नदी भरलेली असतांना घेतलेला नमुना सौम्य भासेल आणि ओसरल्यावर घेतलेला तीव्र. त्याहून खालीं रेवदंड्याच्या खाडीकडे भरती-ओहोटीचा फेरा. उधाणाच्या भरतीला घेतलेला नमुना अर्धा समुद्राचाच असतो. पाताळगंगेला खोपोलीच्या वीजघराचें पाणी मिळतें. सावित्रीवर महाडची वसाहत आहे. ह्या नद्यांचें पाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणीं नियमितपणें तपासतें, हें योग्यच आहे. पण नमुन्याच्या आंकड्याशेजारीं घटका आणि भरतीची अवस्था लिहिलेली असेल, तरच एका महिन्याचा आंकडा दुसऱ्याशीं ताडतां येतो.

जमिनीची कथा पाण्याहून गुंतागुंतीची आहे. धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांस, अलिबाग व पेण तालुक्यांतील खारेपाटांत, समुद्राला बांध घालून त्याच्या आड भात पिकविण्याची वहिवाट जुनी आहे. उघाडीच्या झडपा नीट असल्या, तर ओहोटीला आंतलें पाणी बाहेर जातें आणि भरतीचें आंत येत नाहीं. बांध फुटला, कीं खाजण पुन्हां समुद्राचें. ह्या बांधांसाठीं मुंबई सरकारनें 1948 सालीं स्वतंत्र कायदा केला, आणि 1979 सालीं महाराष्ट्रानें नवा केला. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें अशा जमिनींत तग धरणाऱ्या भाताच्या जातीही काढल्या आहेत.

आतां, जमीन खारी केव्हां म्हणावी? अमेरिकेंतील क्षार-प्रयोगशाळेनें 1954 सालीं प्रसिद्ध केलेला दंडक आजही जगभर चालतो. माती पाण्यानें पुरती भिजवून तिचा लगदा करावा, त्यांतलें पाणी ओढून काढावें आणि त्यांतून वीज कितपत वाहते तें मोजावें; ही विद्युद्वाहकता मीटरला 4 डेसिसीमेन्सच्या वर गेली, कीं जमीन खारी. भाताचें पीक 3 च्या पुढेंच उतरूं लागतें. पण लगदा करण्याची ही क्रिया वेळखाऊ. म्हणून पुष्कळ माती-प्रयोगशाळा एक भाग मातींत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून मोजतात. ह्या सोप्या रीतींत क्षार पातळ होतात आणि आंकडा कित्येक पटींनीं लहान येतो. शेतकऱ्याच्या हातांतल्या कागदावर ‘1.5’ असतें; पुस्तकांत मर्यादा 4 ची; तो समाधानानें बी पेरतो, आणि रोपें पिवळीं पडतात. मातीही खोटी नव्हती आणि मापही खोटें नव्हतें. दोहोंमधला दुवा तेवढा लिहायचा राहिला होता. त्यांतच महिन्याची भर: मे महिन्यांत पांढरी पापुद्रे धरलेली खाराची जमीन आषाढाच्या सरींनीं धुऊन बरीच गोड होते. महिना न लिहिलेला मातीचा आंकडा हा पत्ता नसलेल्या पत्रासारखा होय.

मर्यादाही सर्व कामांस एकच नसते. किनाऱ्यावरच्या समुद्राच्या पाण्याचे सरकारनें उपयोगाप्रमाणें पांच वर्ग पाडले आहेत. मिठागरें आणि शिंपल्यांची पैदास पहिल्या वर्गांत, स्नान व मासेमारी दुसऱ्यांत. बंदरें आणि नौकांचे मार्ग शेवटल्या दोहोंत. स्नानाच्या पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लिटरमागें निदान 4 मिलिग्रॅम हवा, आणि 100 मिलिलिटरांत विष्ठाजन्य जंतु 100 च्या वर नकोत. ‘पाणी शुद्ध आहे’ असें कोणी म्हटलें, तर कशासाठीं शुद्ध, हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा 1974 सालीं झाला. विषारी द्रव्यांनीं बिघडलेल्या जमिनींसाठीं मात्र स्वतंत्र नियम निघण्यास 2025 सालचा जुलै उजाडावा लागला. त्यांप्रमाणें संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनानें सहामाही द्यावयाची आणि मग त्यांची तपासणी व्हावयाची. नियम झाले, पण तपासणी कशाशीं ताडून करणार?

ह्या प्रश्नाचें महत्त्व 2010 च्या ऑगस्टच्या 7 तारखेस दिसून आलें. त्या दिवशीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ह्या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडलें, मालाच्या पेट्या समुद्रांत पडल्या, आणि तेलाचा काळा थर उरणच्या व अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्यांपर्यंत, तिवरांच्या मुळांपर्यंत पोंचला. दुसऱ्या दिवशींच्या चिखलाच्या नमुन्यावरून त्यांत तेल किती आहे, हें सांगतां येतें. तें किती वाढलें, हें सांगण्यास मात्र 6 तारखेचा किंवा त्याआधींचा नमुना लागतो. बोटींची सतत ये-जा असलेल्या खाडींत थोडें तेल आधींच असणार. मग नुकसानभरपाई मागणाऱ्या कोळ्यानें सिद्ध काय करावें? संकट आल्यावर मोजणी सुरू करणें म्हणजे चोरी झाल्यावर घरांतल्या भांड्यांची यादी करण्यासारखें आहे.

आणि अशी यादी आधींपासून, वर्षानुवर्षें, कशी ठेवावी ह्याचा उत्तम धडा ह्याच किनाऱ्यावर, खुद्द अलिबागेस आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें नियमानें होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या प्रवाहानें नाजूक सुया बिथरणार, हें जाणून वेधशाळेचे प्रमुख मूस ह्यांनीं खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली, आणि 1904 सालीं तेथें काम सुरू झालें. येथपर्यंत विशेष कांहीं नाहीं. विशेष पुढें आहे. अलिबागचें काम सुरू झालें तरी कुलाब्याचें लगेच बंद केलें नाहीं. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या. ह्या जोडनोंदींमुळें दोन जागांमधला फरक कळला, आणि जुनी माळ नव्या माळेशीं गुंफतां आली. ट्रामगाड्या 1907 सालीं धांवूं लागल्या आणि 1964 सालीं बंदही झाल्या. नोंदींची माळ आजही चालू आहे.

तिचा उपयोग काय झाला? 1859 च्या सप्टेंबरांत सूर्यावरच्या स्फोटामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं त्या दिवशींही आपल्या ठरलेल्या वेळीं आंकडे लिहिले होते. ते कशासाठीं उपयोगी पडतील, ह्याची त्यांना कल्पना असणें शक्य नव्हतें. 2003 सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच आंकड्यांवरून त्या वादळाचें बळ ठरविलें. पद्धति, वेळ आणि उपकरण ह्यांचीं टिपणें जागच्या जागीं होतीं, म्हणूनच एकशें चव्वेचाळीस वर्षांनंतर परक्या माणसांना तें दप्तर वाचतां आलें.

विहिरींच्या आणि खाजणांच्या दप्तरांना हीच शिस्त लागू आहे. निरीक्षणाची विहीर बुजली म्हणून दुसरी घ्यावी लागली, प्रयोगशाळा बदलली, उपकरण नवें आलें, तर कांहीं काळ जुनें आणि नवें बरोबर चालवावें. नाहींतर पाण्यांत बदल झाला कीं मापांत, हें कधींच कळणार नाहीं. नांवांचीही अडचण आहे. हा जिल्हा 1981 च्या आरंभापर्यंत कुलाबा ह्या नांवानें ओळखला जाई; ‘रायगड’ एवढेंच शोधणाऱ्याला त्याआधींचें दप्तर सांपडणारच नाहीं. जुन्या इंग्रजी अहवालांत क्लोरिन गॅलनमागें ग्रेनमध्यें लिहीत. त्या एका ग्रेनचे आजच्या हिशेबानें लिटरमागें सव्वाचौदा मिलिग्रॅम होतात. ‘18’ हा जुना आंकडा पाहून पाणी फार गोड होतें असें समजणाऱ्यानें तो गुणून पाहावा: तो 250 च्या मर्यादेपलीकडे जातो.

तपासणीस बाटली पाठविणाऱ्या घरानेंही एवढें करावें. बाटली त्याच पाण्यानें दोनदां विसळून घ्यावी. चिठ्ठीवर विहिरीचें नांव, तारीख, वेळ, त्या दिवशींची तिथि, म्हणजे उधाण कीं भांग तें कळेल, पंप किती वेळ चालू होता, आणि पाणी कठड्यापासून किती हात खालीं होतें, हें लिहावें. परत आलेला कागद वर्तमानपत्रांच्या रद्दींत न टाकतां एका वहींत चिकटवावा, आणि पुढील वर्षीं त्याच महिन्यांत, त्याच विहिरीचें, तसेंच पाणी पुन्हां पाठवावें.