वारा, पाणी आणि आपले घर

घर बदलण्याचे ठरले, तेव्हा आमच्या कुटुंबात दोन पक्ष पडले. पंढरपुरातील प्रदक्षिणा मार्गाजवळच्या जुन्या वाड्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड. आषाढी जवळ आली, की बुक्क्याची आणि कुंकवाची पोती जिन्याच्या पायऱ्यांवर चढत. वाढत्या कुटुंबाला ती जागा अपुरी पडू लागली आणि दोन जागा नजरेसमोर आल्या. एक नदीच्या बाजूला, सखल भागात. पूर्वाभिमुख, समोर पाणी आणि किमतीने हलकी. दुसरी नदीपासून दूर, चढावर. दक्षिणाभिमुख आणि महाग. मुलांनी फेंगशुईच्या एका सल्लागारांना विचारले. त्यांनी पहिली जागा पसंत केली. शिवाय उत्तरेला मत्स्यालय, दाराशी तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक आणि खिडकीत पवनघंटा असे उपायही सांगितले. आईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले, “पुराचं पाणी तिथं कुठवर येतं? आणि ते मासे आपण कोंडायचे का?”

आयुष्यभराची पुंजी ज्यात घालायची, त्या वास्तूबद्दल हे दोन प्रश्न मला कोणत्याही शास्त्राइतकेच महत्त्वाचे वाटले. म्हणून मुळात हे शास्त्र काय सांगते, ते समजून घेण्याचा मी प्रयत्न केला.

मूळ अर्थ

‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. प्राचीन चीनमध्ये पूर्वजांच्या दफनासाठी योग्य भूमी निवडण्याच्या विचारातून या विद्येची वाढ झाली. चौथ्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर असलेला ‘दफनग्रंथ’ तिचा एक आधारग्रंथ मानला जातो. वाऱ्याने प्राणशक्ती विखुरते आणि पाण्यापाशी ती थांबते, ही त्यामागची कल्पना. पाठीशी डोंगर, समोर मोकळी जागा, दोन्ही बाजूंना टेकड्यांचा आडोसा आणि जवळ संथ वळण घेणारे पाणी, ही आदर्श जागेची लक्षणे. नदीच्या वळणाचा आतला काठ शुभ आणि बाहेरचा अशुभ, असाही एक नियम आहे. त्याचे कारण कोणताही शेतकरी सांगेल : प्रवाह बाहेरचा काठ कापत जातो आणि आतल्या काठाला गाळ आणून टाकतो. बेडूक, घंटा आणि हसऱ्या बुद्धाच्या मूर्ती यांचा बाजार या मूळ विचाराहून फार वेगळा आहे.

दिशा कोणासाठी?

चिनी परंपरेत दक्षिणाभिमुख घर सर्वोत्तम. बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांत मुख्य दालन उत्तरेला असून त्याचे तोंड दक्षिणेकडे असते. आपल्याकडे मात्र दक्षिणमुखी घर म्हटले, की गिऱ्हाईक पाऊल मागे घेते. दोन प्राचीन विद्यांचे एकाच दिशेबद्दलचे मत इतके परस्परविरुद्ध कसे?

याचे एक मोठे कारण आकाशात सापडते. बीजिंग सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात. तेथे दक्षिणेकडे दार ठेवणे म्हणजे ऊब घरात घेणे होय. पंढरपूर १८ अंशांच्याही अलीकडे आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. आपल्याला ऊब नको, सावली हवी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खरा त्रास पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारभर तापलेली ती भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. दक्षिणेचे ऊन हाताएवढ्या छज्जानेही अडवता येते. मावळतीचे तिरपे ऊन छज्जाला दाद देत नाही. तेथे झाड हवे, व्हरांडा हवा किंवा कोठीची खोली हवी.

तात्पर्य, पद्धत घ्यावी. दुसऱ्या देशाची दिशा उसनी घेऊ नये.

आपल्या घरातील ठेवा

भूमिविचारासाठी जैनांना दूर जाण्याचे कारण नाही. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या काळी कोषागाराशी आणि टांकसाळीशी संबंधित असलेले ठक्कर फेरू हे जैन श्रावक. त्यांनी रत्ने आणि नाणी यांच्या परीक्षेवर ग्रंथ लिहिले, तसाच इ. स. १३१५ मध्ये प्राकृतात ‘वास्तुसार’ रचला. गृह, जिनबिंब आणि प्रासाद यांचा त्यात विचार आहे. त्यातील भूमिपरीक्षा पाहा : चोवीस अंगुळे खोल खड्डा खणून त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम आणि कमी पडली तर हीन. नाण्यातील सोने पारखणाऱ्याने मातीही तितक्याच नेटाने पारखावी, यात नवल नाही.

भीमेच्या खोऱ्यातील काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याने तर ही वृत्ती सोडूच नये. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कच्च्या पायावरील भिंतींना तडे देते. पाया मुरमापर्यंत गेला आहे का, हा प्रश्न दाराच्या दिशेआधी विचारावा.

पाण्याचेही तसेच. पंढरपुरात भीमेला चंद्रकोरीसारखे वळण, म्हणून ती चंद्रभागा. भीमेवर उजनी आणि नीरेवर वीर; या धरणांतून मोठा विसर्ग सुटला, की व्यासनारायण झोपडपट्टी, अंबाबाई पटांगण अशा सखल भागांत पाणी शिरते. ‘समोर पाणी’ हे लक्षण चित्रात सुंदर दिसते. पंढरपुरात मात्र जुन्या रहिवाशांना पूररेषा विचारूनच व्यवहार करावा.

मांडणी आणि जीवदया

घराच्या मांडणीबाबत फेंगशुईचे काही संकेत आपल्या पेढ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहेत. बसणाऱ्याची पाठ भिंतीला असावी आणि नजर दाराकडे. आपली गादी आणि गल्ला याहून वेगळे कोठे मांडले जातात? दारात उभ्या माणसाला थेट मागचे दार दिसू नये, म्हणून चिनी घरांत प्रवेशाशी आडभिंत असते. आपल्या वाड्यांत देवडीचे वळण तेच काम करी. अडगळ साठू देऊ नये, हा संकेत तर श्रावकाच्या घरी आचारधर्मच आहे. ओल, अंधार आणि अडगळ जेथे असते, तेथे जीवोत्पत्ती होते आणि मग ती निवारण्यासाठी हिंसा घडते. समोरासमोर खिडक्या, सकाळी उजेड येणारे स्वयंपाकघर, धान्य निवडायला आणि पाणी गाळायला स्वच्छ प्रकाश, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याजोगी सोय. ही खरी शुभलक्षणे.

मत्स्यालयाबद्दल मात्र तडजोड नसावी. धनलाभासाठी मासे पाळावेत आणि एखादा मेला तर त्याने घरावरचे संकट घेतले असे मानावे, अशी समजूत सांगितली जाते. आपल्या लाभासाठी मुक्या जीवाने काचेत फिरावे आणि आपल्या संकटासाठी मरावे, हे ज्या घरात रोज ‘खामेमि सव्वजीवे’ म्हटले जाते त्या घराला कसे शोभेल? लाभ-हानी आपल्या कर्माची आणि पुरुषार्थाची. बेडकाच्या तोंडातील नाण्याने उधारी वसूल होत नाही.

आम्ही चढावरची दक्षिणाभिमुख जागा घेतली. दारावर छज्जा काढला, पश्चिमेला कोठीची खोली केली आणि तिच्याबाहेर कडुनिंब लावला. यंदा अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश झाला. मत्स्यालयासाठी सुचवलेला उत्तरेचा कोपरा आईंनी सामायिकासाठी मागून घेतला. सकाळी तेथे उजेड छान येतो आणि पहाटेच्या वाऱ्यासाठी खिडकी उघडी असते.