देशप्रेमावर सक्ती चालते का?

सरकारवर नाराज असलेला माणूस देशावर प्रेम करू शकतो का? आणि ते प्रेम त्याच्या मनात नसेल, तर कायद्याचा बडगा दाखवून ते उतरवता येईल का? हा प्रश्न केवळ विद्वानांच्या परिसंवादापुरता नाही. नळाला पाणी नाही म्हणून ओरडणाऱ्या, शिकलेला मुलगा घरी बसला म्हणून सरकारला दोष देणाऱ्या प्रत्येक कष्टकरी कुटुंबाचा तो प्रश्न आहे. कारण ‘सरकारविरुद्ध बोलता म्हणजे देशाविरुद्ध बोलता’ हा ठपका सर्वांत आधी त्याच्याच माथी मारला जातो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

अप्रीतीचा गुन्हा

इंग्रजांनी १८७० साली भारतीय दंडविधानात कलम १२४-अ घातले. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा त्यामुळे गुन्हा ठरला. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला अप्रीतीचा अर्थ समजावून सांगताना ‘प्रीतीचा अभाव’ असा तो सांगितला. म्हणजे रयतेने नुसता कायदा पाळून भागत नव्हते, तिने सरकारवर प्रेमही केले पाहिजे होते! टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये पुन्हा खटला होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना मंडालेला धाडण्यात आले.

परिणाम काय झाला? मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. शिक्षेने सरकारविषयी प्रीती उपजली नाही, उलट राग गिरणगावाच्या चाळीचाळीत पोहोचला. पुढे १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात उभे राहून गांधीजींनी हेच सांगितले की, प्रेम कायद्याने तयार करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरही हे कलम राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली. सरकारवर कितीही कडक टीका केली तरी तो राजद्रोह नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी असेल तरच गुन्हा, असे न्यायालयाने ठरविले. तरीही २०१२ मध्ये मुंबईत एका व्यंगचित्रकाराला या कलमाखाली अटक झाली आणि टीका होताच सरकारला तो आरोप मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलिसांसाठी परिपत्रक काढले. लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोहात बसेल अशी त्याची भाषा होती. त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले व ऑक्टोबरमध्ये ते मागे घेण्यात आले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाची सार्वभौमता व एकता धोक्यात आणण्याबद्दल कलम १५२ आहे. शब्द बदलला तरी नागरिकाने सावध राहण्याचे कारण संपलेले नाही.

बावन्न सेकंदांची सक्ती

राष्ट्रगीत म्हणायला सुमारे बावन्न सेकंद लागतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर सिनेमागृहांत खेळ संपल्यावर राष्ट्रगीत लावण्याची प्रथा होती. लोक दाराकडे धावत, आणि हळूहळू ती प्रथा मागे पडली. महाराष्ट्रात २००३ पासून खेळाच्या आधी राष्ट्रगीत लावणे सक्तीचे झाले. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ही सक्ती देशभर आली.

त्याच वर्षी गोव्यात पणजीच्या सिनेमागृहात एका अपंग लेखकाला, राष्ट्रगीताला उभे राहिले नाहीत म्हणून, मागून मारल्याची बातमी आली. ज्याचे पाय उभे राहू शकत नाहीत त्याचे देशप्रेम शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक तपासू लागला. सक्तीचा हा सर्वांत मोठा धोका आहे. कायदा सरकार करते, पण त्याची काठी रस्त्यावरचा कुणीही हाती घेतो. अखेर ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने आपला आदेश बदलून सिनेमागृहात राष्ट्रगीत लावणे ऐच्छिक केले. ते लावले गेले तर मान राखावा, एवढेच बंधन ठेवले.

केरळातील तीन मुलांचा खटलाही आपण ध्यानात ठेवला पाहिजे. धार्मिक श्रद्धेमुळे ती मुले राष्ट्रगीत गात नसत, पण शाळेत सर्वांबरोबर आदराने उभी राहत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. आदराने उभे राहणे हा अपमान नव्हे, आणि गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल १९४३ मध्ये दिला होता. ऐन महायुद्ध चालू असताना शाळकरी मुलांवर झेंड्याला वंदन करण्याची सक्ती करता येणार नाही, असे त्याने ठरविले.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवन येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटले. आपल्याला मायभूमीच नाही, असे बाबासाहेबांनी तेथे रोखठोक सांगितले. ज्या देशात आपल्या माणसांना कुत्र्या-मांजरांइतकाही मान नाही, प्यायला पाणी मिळत नाही, त्या देशाला आपला कसा म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. अवघ्या चार वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी त्यांना सत्याग्रह करावा लागला होता. हे शब्द त्या अनुभवातून आले होते.

आजच्या कुणी उतावळ्याने ते ऐकले असते तर लगेच देशद्रोहाचा शिक्का मारला असता. पण पुढे काय घडले? त्याच माणसाने १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद स्वीकारले आणि या देशाला संविधान दिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातही त्यांनी नुसती स्तुती केली नाही. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, हे विचारले. सामाजिक व आर्थिक विषमता लवकर मिटवली नाही तर जे तिचे चटके सोसत आहेत ते ही राजकीय लोकशाहीच उद्ध्वस्त करतील, असा इशारा दिला. देशावर कठोर टीका करणारा माणूसच देशासाठी सर्वाधिक राबला, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

आमच्या उपनगरांनीही हे पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जणांचा बळी गेला. त्या वस्तीला सरकारवर प्रेम करा असे कोण सांगणार होते? तरीही वस्तीने चौकशी आयोगापुढे साक्षी दिल्या, न्यायालयाची पायरी चढली, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरविले. सरकारवरचा संताप आणि संविधानावरचा विश्वास एकाच घरात नांदू शकतात.

चारकोपचा धडा

मग आपलेपणा येतो कुठून? त्यासाठी कांदिवलीच्या पश्चिमेला चारकोपकडे पाहावे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे, गोराईला व मालवणीला लहान भूखंडांची योजना राबविली. सरकारने तयार इमारती बांधून दिल्या नाहीत. आखलेली जागा, रस्ता, पाण्याची व मलनिःसारणाची सोय दिली. साधारण पस्तीस घरांची एक सोसायटी, मध्ये मोकळा चौक. घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. कुणी आधी पत्रे टाकले, कुणी दागिने मोडून भिंती उभ्या केल्या, पुढे मजला चढवला.

या सोसायट्यांच्या चौकात २६ जानेवारीला व १५ ऑगस्टला झेंडावंदन होते. त्याच चौकात पाण्याच्या दाबाबद्दल, तुंबलेल्या गटाराबद्दल, महागाईबद्दल सरकारला खडे बोलही ऐकवले जातात. या दोन्हींत आम्हाला विसंगती दिसत नाही. ज्याचा या जमिनीत वाटा आहे, तोच तिच्याबद्दल भांडतो. वाटा दिला की आपलेपणा येतो, हुकूम दिला की फक्त हजेरी लागते.

सक्तीची बाजू घेणाऱ्यांचे एक म्हणणे खरे आहे. शिस्तीने सवय लागते, आणि राष्ट्रध्वजाचा अपमान कुणी मुद्दाम करू नये. त्यासाठी १९७१ चा कायदा आहे आणि तो योग्य आहे. कर भरणे, वाहतुकीचे नियम पाळणे, कुणाला इजा न करणे याचीही सक्ती असलीच पाहिजे. वागणुकीवर कायदा चालतो, मनावर चालत नाही. घाबरून उभा राहिलेला आणि प्रेमाने उभा राहिलेला, दोघे बाहेरून सारखेच दिसतात. कसोटीच्या वेळी मात्र फरक कळतो.

मुलांना काय सांगावे?

माता-पित्यांनी मुलांना तीन गोष्टी वेगळ्या करून शिकवाव्यात. देश म्हणजे आपण सारी माणसे. संविधान म्हणजे आपण एकमेकांना दिलेला शब्द. सरकार म्हणजे आपण ठरावीक मुदतीसाठी नेमलेले कारभारी. कारभाऱ्याला जाब विचारणे म्हणजे घराशी बेइमानी नव्हे.

राष्ट्रगीताला मुलांनी ताठ उभे राहावे, पण अर्थ समजून. घरी उद्देशिका वाचावी आणि न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांतला प्रत्येक शब्द आपल्या गल्लीत कुठे दिसतो, कुठे दिसत नाही, हे त्यांना विचारावे. तक्रार तोंडी न करता लेखी करावी, पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज भरायला थोरल्या मुलामुलींना बसवावे. मतदानाच्या दिवशी त्यांना केंद्रापर्यंत बरोबर न्यावे. हा देश आपला आहे, हे मुलांना अशा कामांतूनच कळेल.