केशवराव भोसले : खड्या आवाजाचा धैर्यधर

कोल्हापूरचे केशवराव भोसले लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली. पुढे स्त्रीभूमिका सोडून ते नायक झाले.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ या नाटकाचा, दोन कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग रंगला. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव. एकाचा गळा लडिवाळ, दुसऱ्याचा खडा, तडफदार. एरवी स्पर्धेत असलेल्या दोन कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर!

त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस. कंपनी मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी चालवली.