या वयात कशाला?

नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरायला गेलं की ज्येष्ठांचे घोळके भेटतात. त्यातल्या आज्यांच्या बोलण्यात गुडघे येतात, साखर येते, मोतीबिंदूचं ऑपरेशन येतं, परदेशातल्या नातवाची परीक्षा येते. येत नाही ती एकच गोष्ट: पाळी जाऊन तीस वर्षं झाल्यावर परकराला लागलेला लाल डाग. तो परकर आजी मुकाट्यानं धुते, उष्णता वाढली असेल म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी पिते. आठवड्यानं डाग थांबतो आणि तिला वाटतं, गेलं.

पाळी कायमची गेल्यावर अंगावरून एकदा जरी लाल गेलं, तरी ते तपासायलाच हवं. बहुतेकींचं कारण साधं निघतं: योनीमार्गाची त्वचा पातळ, कोरडी झालेली असते, किंवा अंग बाहेर आल्यानं घासून जखम झालेली असते. रक्त लघवीतून आलं, मूळव्याधीचं आहे की पिशवीतून, हेही आजीला पुष्कळदा सांगता येत नाही. ते शोधणं डॉक्टरांचं काम. पण अशा दहा-बारा जणींमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सापडतो. आणि ज्यांना तो होतो, त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के जणींना पहिली खूण रक्ताचीच मिळते. पोटातले बरेच कर्करोग शेवटपर्यंत गप्प बसतात. हा लवकर बोलतो, आणि पिशवीपुरता असताना सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

आपल्याकडे ‘पिशवीचा कॅन्सर’ हा एकच शब्द दोन रोगांना वापरतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागानं सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनंही या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. त्या बायका ३० ते ५९ वयाच्या होत्या, आजीच्या वयाच्या नव्हेत.

अस्तराच्या कर्करोगामागे असा विषाणू नसतो. पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेलं नसतं. त्यामुळे अस्तर वाढत जातं. लठ्ठपणा आणि मधुमेहाशी त्याचं नातं आहे ते असं. फार उतारवयात इस्ट्रोजेनशी संबंध नसलेले, झपाट्यानं पसरणारे प्रकारही अधिक दिसतात. या रोगासाठी शिबिरातली सरसकट तपासणी नसते. आजीच्या हाती असलेली सूचना एकच, तो डाग.

तपास फार अवघड नाही. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरहून जास्त भरली किंवा रक्त पुन्हा पुन्हा गेलं, तर बारीक नळीनं अस्तराचा तुकडा घेतात. बऱ्याचदा हे ओपीडीतच होतं. म्हातारपणी गर्भाशयाचं तोंड आक्रसलेलं असेल, तर भूल देऊन दुर्बिणीतून तुकडा घ्यावा लागतो. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या भीतीनं हे टाळू नये.

निदान झालं की घरात कुणीतरी म्हणतं, “आता या वयात कशाला?” त्यात माया असते, भीती असते, खर्चाचा आणि रजेचाही हिशेब असतो. याच महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आला. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यातल्या कित्येक जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या, कॅन्सरची भीती घातलेल्या. जिला गरज नव्हती तिची पिशवी गेली. आणि जिला खरोखर रोग आहे, त्या आजीला आपण वयाकडे बोट दाखवून घरी बसवतो. दोन्हीकडे चूक एकच. त्या बाईकडे नीट पाहिलेलंच नसतं.

मग पाहायचं काय? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं २०१८ मध्ये कर्करोग झालेल्या ज्येष्ठांसाठी खास ओपीडी सुरू केली. अशा तपासणीत जन्मसालापेक्षा ताकद मोजतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात? रोज किती गोळ्या चालू आहेत? वजन उतरलंय का? विसर पडतो का, मन खचलंय का, रात्री सोबतीला कोण असतं? अमेरिकेत सत्तरीपुढच्या ७१८ कर्करुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हे मोजमाप डॉक्टरांच्या हाती दिल्यावर गंभीर दुष्परिणाम झालेल्यांचं प्रमाण ७१ वरून ५१ टक्क्यांवर आलं. आयुष्य मात्र त्यामुळे कमी झालं नाही. म्हणून पंच्याऐंशीची धडधाकट आजी ऑपरेशन सोसू शकते, आणि सत्तरीची हृदयानं थकलेली बाई कदाचित नाही.

ताकद असेल तर मुख्य उपचार ऑपरेशनच: गर्भाशय, बीजनलिका आणि बीजकोश काढणं. दुर्बिणीतून केलं तर जखम लहान राहते आणि आजी लवकर हिंडू-फिरू लागते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधल्या ७६० स्त्रियांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोग परत येण्याच्या बाबतीत दुर्बीण पोट उघडण्याच्या तोडीस तोड ठरली. दुर्बिणीसाठी डोकं खाली करून पोटात वायू भरावा लागतो. ते हृदय-फुप्फुसांना झेपणार नसेल, तर निवडक रुग्णांची पिशवी मणक्यातून भूल देऊन खालून काढता येते. ऑपरेशननंतर काही आज्या दोन दिवस गोंधळतात, माणसं ओळखत नाहीत. अशा वेळी चष्मा, कानयंत्र आणि कवळी लगेच परत देणं, ओळखीचं माणूस उशाशी बसवणं आणि लवकर उठवून चालवणं याचा फार उपयोग होतो.

पुढे गरज पडली तर किरणोपचार, ज्याला आपण ‘शेक’ म्हणतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या ४२७ स्त्रियांच्या अभ्यासात मध्यम-जास्त धोक्याच्या गटात आतून दिलेला शेक बाहेरून दिलेल्या शेकाइतकाच योनीमार्गातला रोग रोखताना दिसला. जुलाबाचा त्रासही कमी झाला. बाहेरून शेक म्हटला की पाचेक आठवडे रोजच्या खेपा. आतला शेक तीन खेपांत उरकला होता. ज्या आजीला रिक्षात चढायलाही दोन माणसं लागतात, तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

ऑपरेशन झेपणारच नसेल, तरी वाट संपत नाही. काही जणींना नुसत्या शेकानं रोग आटोक्यात ठेवता येतो. मंद वाढणाऱ्या प्रकारात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू कामी येते. रोग पुढे गेला असला तरी थोडासा शेक रक्त थांबवतो, दुखणं कमी करतो. आजीला कोरड्या कपड्यात, न कण्हता झोप लागली, तर तोही उपचारच.

आणि निर्णय कुणाचा? रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येतो, चर्चा व्हिडिओ कॉलवर होते, आणि दाराबाहेर डॉक्टरांना सांगितलं जातं, “आईला काही बोलू नका.” आईनं आयुष्यात बाळंतपणं, दुष्काळ, वैधव्य सोसलेलं असतं. तिला खरं सोसवणार नाही, हे आपण परस्पर ठरवतो. तिला विचारलं तर एक म्हणेल, पिशवी काढा, मला रोज सोमेश्वरच्या देवळात जायचंय. दुसरी म्हणेल, मला घरीच राहू द्या, फक्त दुखू देऊ नका. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात; ती तिची असली पाहिजेत.

पैशाची वाट थोडी सोपी झाली आहे. २०२४ च्या धनत्रयोदशीला सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण सुरू झालं. आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, आणि आपलं रुग्णालय योजनेत आहे का हे आधीच विचारून घ्या.

दिवाळीत घर भरतं. लेकी भाऊबिजेला येतात, सुना आजीला तेल-उटणं लावतात, कपडे धुणाऱ्या मावशींच्या हातून सगळ्यांचे कपडे जातात. आजीखेरीज डाग पहिल्यांदा दिसतो तो या बायकांनाच. तेव्हा उटणं लावता लावता, दार लोटून, हळूच विचारा: “आजी, अंगावरून काही जातं का गं?” तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.