व्हॉल्व्हच्या रेडिओचा वीजपुरवठा

व्हॉल्व्हच्या रेडिओचा वीजपुरवठा म्हणजे घरगुती वीजजोडणीतून अथवा कोरड्या बॅटरीतून मिळणारी वीज निर्वात इलेक्ट्रॉन नलिकांना योग्य अशा दाबांवर पुरविणारा रेडिओचा भाग होय. या नलिकांना बोलीभाषेत व्हॉल्व्ह म्हणतात. जुना रेडिओ बंद पडतो तेव्हा दोष पुष्कळदा याच भागात असतो आणि दुरुस्ती करणाऱ्यास सर्वाधिक धोकाही याच भागापासून असतो. अनेक वर्षे पडून असलेला संच तपासणी न करता थेट वीजजोडणीस लावल्यास त्याचे रोहित्र किंवा एकदिशकारक नलिका जळू शकते. काही संचांत धातूच्या चॅसीला हात लागून प्राणही जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा हा प्रदेश मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५७ मध्ये विविध भारती सेवा सुरू झाली. या काळातील घरगुती रेडिओ प्रामुख्याने व्हॉल्व्हचे असत. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ अनेक खेड्यांत वीज नव्हती. त्यामुळे तालुक्याच्या गावी विजेवर चालणारा संच आणि खेड्यात बॅटरीवर चालणारा संच, असे दोन्ही प्रकार वापरात होते. जुन्या घरांच्या माळ्यावर आजही सापडणाऱ्या संचाची तपासणी करताना तो कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम ओळखावे लागते.

प्रकार

वीजपुरवठ्यानुसार या संचांचे तीन प्रकार पडतात.

रोहित्राचे संच केवळ प्रत्यावर्ती विजेवर चालतात. रोहित्राच्या एका गुंडाळीतून नलिकांच्या तंतूंसाठी ६.३ व्होल्ट मिळतात. दुसऱ्या गुंडाळीतील उच्च दाब ईझेड ८० किंवा ईझेड ८१ यांसारखी एकदिशकारक नलिका एकदिश करते. धारित्रांनी गाळल्यानंतर हा दाब साधारणतः २५० व्होल्ट असतो.

एसी-डीसी संचांना रोहित्र नसते. पूर्वी काही शहरांत एकदिश वीज मिळत असे आणि रोहित्र तिच्यावर चालत नाही, म्हणून ही रचना प्रचारात आली. यातील सर्व नलिकांचे तंतू एकापुढे एक असे एकसरीत जोडलेले असतात व त्यांतून १०० मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. उदाहरणार्थ, यूसीएच ८१ (१९ व्होल्ट), यूबीएफ ८९ (१९), यूबीसी ८१ (१४), यूएल ८४ (४५) आणि यूवाय ८५ (३८) यांची बेरीज १३५ व्होल्ट होते. २३० व्होल्टांपैकी उरलेले ९५ व्होल्ट सुमारे ९५० ओहमच्या रोधकात खर्च होतात आणि तो रोधक ९.५ वॅट उष्णता देत राहतो.

बॅटरीच्या संचांत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ व डीएल ९६ अशा नलिका असतात. त्यांच्या तंतूंना सुमारे १.४ व्होल्ट आणि इतर भागांना ९० व्होल्ट लागतात.

धोके

एसी-डीसी संचात विजेची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज येतो. बाहेरून लाकडी किंवा बेकेलाइटची पेटी सुरक्षित दिसते. परंतु बटण निघाल्यास उघडा पडणारा धातूचा दांडा किंवा बटणातील स्क्रूदेखील प्राणघातक ठरतो. असा संच उघडून तपासताना दोन स्वतंत्र गुंडाळ्या असलेले २३० ते २३० व्होल्टचे विलगक रोहित्र वापरावे. घरातील स्टॅबिलायझरमध्ये बहुधा एकच सामाईक गुंडाळी असते, त्यामुळे तो हे संरक्षण देत नाही.

संच बंद केल्यावरही धारित्रांत वीज साठून राहते. ५० मायक्रोफॅरडच्या धारित्रावर ३०० व्होल्ट असल्यास त्यात २.२५ जूल ऊर्जा असते. काम सुरू करण्यापूर्वी ते काही किलोओहमच्या, ५ वॅटच्या रोधकातून रिकामे करावे आणि दाब शून्य झाल्याची मीटरने खात्री करावी. शक्य तेथे एकच हात वापरावा. ज्यास अशा कामाचा सराव नाही त्याने एसी-डीसी संच स्वतः उघडू नये.

तपासणीचा क्रम

पहिली तपासणी प्लग काढून, केवळ डोळ्यांनी करावी. रबरी आवरणाच्या तारा कडक होऊन तडकतात, उंदीर त्या कुरतडतात, आणि जळालेल्या रोहित्रातून वितळलेला मेणासारखा पदार्थ ओघळलेला दिसतो. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली असल्यास ती काढावी.

दुसऱ्या टप्प्यात मल्टिमीटरने रोध मोजावा. उच्च दाबाची तार व चॅसी यांमधील रोध प्रथम कमी दिसून धारित्र भरत जाईल तसा वाढला पाहिजे. तो फार कमी राहिल्यास धारित्रात शॉर्ट आहे असे समजावे आणि संच सुरू करू नये.

तिसऱ्या टप्प्यात रोहित्राच्या संचातील एकदिशकारक नलिका काढून ठेवावी व तंतूचा ४० ते ६० वॅटचा दिवा एकसरीत जोडून वीज द्यावी. या जोडणीस वायरमन सिरीज बोर्ड म्हणतात. दिवा मंद राहिल्यास रोहित्र बहुधा ठीक असते. पूर्ण प्रकाशाने पेटल्यास आत शॉर्ट असतो. एलईडी दिवा या कामास चालत नाही. एसी-डीसी संचात एक नलिका काढली की सगळी साखळी तुटते, म्हणून तेथे हा टप्पा लागू पडत नाही.

धारित्रे तपासून किंवा बदलून झाल्यावरच एकदिशकारक नलिका परत बसवावी आणि पुन्हा सिरीज बोर्डवरच संच सुरू करून उच्च दाब मोजावा.

लक्षणे व कारणे

* एकही नलिका तापत नाही: एसी-डीसी संचात एका नलिकेचा तंतू तुटला तरी सगळ्या विझतात, जशी आराशीतील दिव्यांची जुनी माळ एका दिव्यामुळे विझते. प्रत्येक नलिका काढून तिच्या तंतूचा रोध मोजल्यास दोषी नलिका सापडते.
* नलिका तापतात, पण आवाज नाही: उच्च दाब मिळत नसावा. एकदिशकारक नलिका किंवा तिच्यापुढील रोधक तपासावा.
* मोठी घरघर: गाळणीची धारित्रे निकामी झालेली असतात. अर्ध-तरंग एकदिशीकरण असलेल्या एसी-डीसी संचात ही घरघर ५० हर्ट्‌झची, तर पूर्ण-तरंग संचात १०० हर्ट्‌झची असते.
* उच्च दाब कमी आणि शेवटची नलिका अतिशय तापते: शेवटच्या नलिकेच्या जालकाकडे जाणारे कागदी धारित्र गळत असते. ईएल ८४ च्या जालकावर चॅसीच्या तुलनेत धन दाब आढळल्यास संच त्वरित बंद करून हे धारित्र बदलावे. दुर्लक्ष केल्यास नलिका आणि रोहित्र दोन्ही जातात.

धारित्रे व पर्यायी भाग

विद्राव्य असलेली धारित्रे वर्षानुवर्षे न वापरल्याने त्यांतील ऑक्साइडचा थर क्षीण होतो, तर कागदी धारित्रे पावसाळी दमटपणा शोषून गळू लागतात. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पत्र्याखालील माळ्यावर ठेवलेल्या संचास दोन्ही ऋतू बाधतात. नवे धारित्र मूळ दाबमर्यादेचे किंवा त्याहून अधिक मर्यादेचे घ्यावे; मात्र धारिता मनाने वाढवू नये. ईझेड ८० नंतरच्या पहिल्या धारित्राची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. त्याहून मोठे धारित्र नलिकेवर आरंभीच अतिभार टाकते.

यूवाय ८५ मिळत नसल्यास सिलिकॉन डायोड वापरता येतो. त्या वेळी तंतूंच्या साखळीतील ३८ व्होल्टांची उणीव भरून काढण्यासाठी ३८० ओहमचा रोधक बसवावा लागतो. त्यात ३.८ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून तो किमान १० वॅटचा असावा. डायोडमधील दाबाची घट अल्प असल्याने उच्च दाब वाढतो. तो पुढे रोधक घालून मूळ पातळीवर आणावा.

बॅटरीच्या संचासाठी ९ व्होल्टच्या १० बॅटऱ्या एकसरीत जोडून ९० व्होल्ट मिळवता येतात आणि तंतूंसाठी १.५ व्होल्टचा मोठा सेल पुरतो. ९० व्होल्टांची तार चुकून तंतूंच्या टोकास लागली तर क्षणात सर्व नलिका जळतात. म्हणून दोन्ही जोडण्यांचे प्लग वेगळ्या आकाराचे ठेवावेत.

विजेच्या दाबाचा परिणाम

अनेक संचांच्या मागील बाजूस २२०, २४० असे दाब निवडण्याची सोय असते. कृषिपंप चालू असताना खेड्यातील दाब उतरतो आणि ते बंद झाल्यावर वाढतो. कमी दाबाच्या दिवसांत २२० वर ठेवलेला निवडक तसाच राहिला, तर वाढलेल्या दाबाने तंतूंचे आयुष्य घटते. म्हणून दिवसाच्या निरनिराळ्या वेळी दाब मोजून निवडक त्यांतील अधिक दाबानुसार लावावा.