घरोघरी नवजात बालसेवा: गडचिरोली ते आफ्रिका

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ मध्ये गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळंतपणाला हजर राहणे, बाळाचे वजन करणे, त्याला उबदार गुंडाळणे, आईला पाजायला मदत करणे, श्वास मोजणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारतात २०११ पासून हे काम गावातल्या ‘आशा’ या आरोग्य सेविकांकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. इथिओपियात २०१३ पासून प्रशिक्षित सेविका गावपातळीवरच नवजातांच्या जंतुदोषावर उपचार करू लागल्या. डॉक्टर दूर असलेल्या प्रदेशात बाळे वाचवण्याचा हा सिद्ध झालेला मार्ग आहे.